हिश्शात आलेली गाडी

पळस्प्याच्या फाट्यावर जुन्या गाड्यांचा एक दलाल बसतो. त्याने आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर टिचकी मारली आणि जी किंमत सांगितली ती ऐकून मी त्याची कॉलर धरली. मागून नवरा "आगं, सोड त्याला" म्हणत होता. मी सोडलं नाही. शर्टाची बटणं तुटून माझ्या हातात आली तेव्हा कुठे थांबले. दलाल मुळीच घाबरला नाही. गळ्यातली सोन्याची साखळी सरळ करत तो म्हणाला, "ताई, कॉलर फाडून गाडीचा भाव वाढत असता तर मी रोज फाडून घेतली असती."

मी भांडकुदळ आहे. माहेरी सगळे म्हणायचे, सासरीही म्हणतात, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण त्या दिवशी मी ज्या गाडीच्या भावावरून हात उचलला ती नुसती गाडी नव्हती. ते माझं घर होतं. कसं ते सांगते.

मी मूळची ओवे गावची. गावात शहर शिरलं तेव्हा आमची भातशेती गेली आणि बदल्यात वडिलांच्या नावाने एक प्लॉट आला. वडील वारले. वारस उरलो तिघं: आई, थोरला भाऊ आणि मी. प्लॉट बिल्डरला द्यायचा तर तिघांच्याही सह्या हव्या होत्या. बहिणीच्या सहीची आमच्यात एक रीत आहे. तिला माहेरी बोलवायचं, मटण आणि तांदळाची भाकरी जेवू घालायची, साडी द्यायची, आणि मग तिने हक्कसोडीच्या कागदावर सही करायची. म्हणजे बापाच्या मालमत्तेत माझं काही नाही, जे आहे ते भावाचं. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला पुढे माहेरचं दार बंद होतं. हे कोणी मुद्दाम शिकवत नाही, आजूबाजूला बघून आपोआप कळतं.

मला कोन गावात दिलेली. तिथे सासरच्या दोन खोल्या. एकीत आम्ही नवरा-बायको आणि मुलगी, दुसरीत दीर, जाऊ आणि त्यांची मुलं. मोरी एक, नळ एक, चुली मात्र दोन, आणि भांडणं रोज. मी पनवेलला औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर उभी राहून घरी यायचं आणि अंग धुवायला मोरी रिकामी व्हायची वाट बघायची. जावेने एकदा माझं भरलेलं पाणी ओतून दिलं, तेव्हा मी तिच्या पाठीत लाटणं घातलं होतं. मला बंगला नको होता. पनवेलमध्ये एक खोली, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची मोरी, आणि आतून कडी लावता येईल असं माझं एक दार, एवढंच हवं होतं.

तेव्हा सहीसाठी बोलावणं आलं त्या दिवशी मी जेवणाच्या पाटावरच बोलले, "दादा, मला साडी नको. पनवेलला एक खोली घेऊन दे."

आईने डोळे वटारले. भाऊ मात्र हसला. "साडी देनारा कोन? तू आमची एकटी बहीन हाय बाय. चल भायेर."

बाहेर ती उभी होती. काळी, लांबलचक, जर्मन कंपनीची. तिच्या नाकावर लाल रिबीन बांधली होती. मुंबईच्या कोण्या शेठने नवी घेऊन तीन वर्षं वापरलेली. भावाने चावी फिरवली आणि असा आवाज निघाला की गल्लीतली कुत्री उठून पळाली. नवरा तर तोंड उघडं टाकून उभाच राहिला. तो गोदामात सुपरवायझर, आयुष्यभर बाईकवर फिरलेला शांत माणूस. त्याने गाडीच्या टपावर तळहात ठेवला आणि काढलाच नाही.

"दादा, मला खोली हवीय," मी पुन्हा म्हटलं.

"हीच तुझी खोली," भाऊ म्हणाला. "आता बिल्डरकरनं माझी रोख निघत नाय. ही शेठकरनं निम्म्यात सुटली. नवीचा भाव आयकशील तर चक्कर येल तुला. तीन वरसांत निम्मी झाली, म्हंजे पडायची तेवढी पडली ना? आता खाली काय उरलंय पडायला? वरीस-दोन वरीस फिरवा, मंग ईका. तेवढेच पैशे येतील. सोनं हाय सोनं."

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, अगदी पटलं. निम्मी किंमत शेठच्या डोक्यावर पडली, आता उरलेली निम्मी आपली, ती कुठे जाणार? मी सही केली, अंगठाही उठवला, आणि रात्रीच्या आत आम्ही कोनला आलो. जाऊ दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी मी इतकी सुखात होते की तिलासुद्धा गाडीत बसवून एक फेरी मारली.

पुढची गोष्ट आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकते. आमच्या अख्ख्या गावाने जन्मात दोनच गोष्टी विकल्या होत्या, जमीन आणि सोनं. दोन्हींचं एकच तंत्र: हात लावू नका, थांबा, भाव वाढतो. आम्ही गाडीलाही तेच तंत्र लावलं. अंगणात पत्र्याची शेड बांधली. गाडीवर जाड कापडाचं कव्हर घातलं. दसऱ्याला हार, अमावास्येला लिंबू-मिरची. जितकी कमी चालेल तितकी किंमत टिकेल म्हणून ती फक्त लग्नाला आणि हळदीला बाहेर काढायची. बाकी दिवस नवरा बाईकवर आणि मी रिक्षात. घरात बांगड्या डब्यात ठेवतात तशी आम्ही ती ठेवली.

शेडने जावेची वाळवणाची जागा खाल्ली. तिने मिरच्या गाडीच्या कव्हरवर पसरल्या, मी त्या मातीत फेकल्या. तिने माझे केस धरले, मी तिचे. दोघींचे नवरे सोडवायला आले आणि सोडवता सोडवता एकमेकांना हाणू लागले. सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले. त्या दिवसापासून दोन खोल्यांमधलं दार खिळे ठोकून बंद केलं. मला वाटलं, करू दे, आपण वर्षाच्या आत इथून जाणारच आहोत.

नवरा बदलत गेला. गाडी बाहेर काढली की त्याचं चालणं वेगळं व्हायचं, आवाज वेगळा व्हायचा. गोदामातले हमाल त्याला शेठ म्हणू लागले आणि त्याला ते आवडू लागलं. एकदा मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला गाडीने गेलो. येताना मी पनवेलच्या बाजारातून सुकट घेतली आणि पिशवी डिकीत ठेवली. घरी आल्यावर त्याने डिकी उघडली, वास घेतला आणि फाडकन माझ्या कानाखाली मारली. लग्नानंतर पहिल्यांदा. "घाण वास लागला तर घेनारा काय देल?" असं ओरडला. मी सुकटीची पिशवी त्याच्या तोंडावर मारली. ती फुटली, आणि सगळी सुकट त्याच्या डोक्यात, शर्टात, गाडीच्या गादीवर. मग आम्ही दोघं गुडघ्यावर बसून गादी पुसत राहिलो, तो रडत आणि मी शिव्या देत.

वर्ष झाल्यावर मी म्हटलं, आता विका. नवऱ्याने फोनवर एकाला विचारलं आणि त्याचा चेहरा पडला. "जरा उतरलाय भाव. थांबू या. चढेल." आम्ही थांबलो. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, आणखी उतरलेला. पुन्हा थांबलो. उभ्या गाडीची बॅटरी मेली. एकाच जागी राहून टायरांना पोक आलं. उंदरांनी आतल्या वायरी कुरतडल्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला त्यात माझ्या नवऱ्याची बाईक नवी कोरी आली असती. विमा, पेट्रोल, टायर, सगळं शेठच्या मापाचं. माझ्या पगारातून खोलीसाठी जे बाजूला पडायचं ते गाडीच्या पोटात जाऊ लागलं. भाव टिकावा म्हणून घालत होतो आणि भाव घसरतच होता.

त्यात चुलत दिराची हळद आली. डीजे दणाणत होता, सगळं गाव नाचत होतं. एक जण व्हिडिओ काढायला आमच्या बॉनेटवर चढून बसला. नवऱ्याने त्याचा पाय धरून खाली ओढला, त्याचं डोकं रस्त्यावर आपटलं. मग त्याचे मित्र आले. खुर्च्या उडाल्या, बाटल्या फुटल्या, हळदीचं पातेलं लवंडलं. माझ्या नवऱ्याचा पुढचा दात गेला आणि गाडीच्या दारावर हातभर लांब पोचा पडला. लोक त्याचा दात शोधत होते आणि तो मोबाइलच्या उजेडात पोचा बघत होता. माझा जीव तेव्हा फार तुटला. त्याच्यासाठीही, आणि त्या पोच्यात माझ्या घराचं काय गेलं असेल या विचारानेही.

मग मी ऐकलंच नाही. त्याला गाडीसकट ओढत पळस्प्याच्या दलालाकडे घेऊन गेले. कॉलर सोडल्यावर दलालाने मला खुर्ची दिली आणि नीट समजावलं.

"ताई, असल्या गाड्यांचं असंच आसतं. ज्याची ऐपत आसते तो नवी घेतो. जो जुनी घेतो त्याला ती सांभाळता येत नाय. मंग घेनार कोन? ही जेवढी जोरात पळते ना, तेवढीच जोरात पडते. आनि तुमी ती उभी ठेवली, त्यानं तर वाटच लागली."

"पण भाऊ म्हणाला पडायची तेवढी पडली," मी म्हटलं.

"तुमच्या भावाला ठाऊक व्हतं का नाय मला नाय म्हाईत. शेठला ठाऊक व्हतं. म्हनून त्यानं ईकली." त्याने सांगितलेल्या पैशांत मालवाहू टेम्पो आला असता, तोही छोटा. ज्या खोल्या तेव्हा गाडीच्या किमतीत मिळत होत्या त्यांचे भाव मधल्या काळात दुप्पट झाले होते. मी खुर्चीवर बसूनच होते.

तिथून आम्ही सरळ ओव्याला गेलो. गाडी वाटेत हिसके देत होती, समोरच्या पडद्यावर पिवळे दिवे लागत होते. भावाने जुनं घर सोडून नवं तीन मजली बांधलं होतं, दारात ग्रॅनाइटच्या पायऱ्या. तो पायरीवर बसून चहा पीत होता. मी गाडीची चावी त्याच्या पुढ्यात टाकली.

"ही तुझी गाडी घे. माझा हिस्सा दे."

तो आधी हसला. "बाय, दिलेली वस्तू कोन परत घेतो काय? तुमाला सांभाळता आली नाय, त्याला मी काय करू?"

नवरा पुढे झाला. "दादा, तुमी आमाला फसवलं," एवढंच म्हणाला. भावाने चहाचा ग्लास त्याच्या तोंडावर फेकला, आणि तो डोळे चोळत असताना लाथ घातली. नवरा पायऱ्यांवरून मागे कोसळला. त्याच्या नाकातून रक्त आलं. भाऊ उतरून पुन्हा मारू लागला, पोटात, बरगडीत, तोंडाने घाण शिव्या देत. नवरा हातही उचलत नव्हता.

डिकीत जॅकचा दांडा होता. तो मी काढला आणि भावाच्या पाठीत घातला. तो वळला तेव्हा दुसरा घातला, तो कपाळाला लागला. कातडी फाटून रक्ताने त्याचा डोळा भरला. तो खाली बसला. मला तेव्हा दया आली नाही, मला बरं वाटलं. मग मी गाडीकडे वळले. काचा फोडल्या, दिवे फोडले, ज्या बॉनेटवर इतकी वर्षं कोणाला बोटही लावू दिलं नाही त्याच्यावर दांडा घालत राहिले. हात सुन्न झाले तरी थांबवेना. गल्लीतले लोक लांब उभे राहून व्हिडिओ काढत होते.

आई बाहेर आली. पदराने भावाचं कपाळ दाबून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला एवढी मोठी गाडी तरी दिली. मी माझ्या भावांना सही दिली तेवा मला एक लुगडं मिळालं. तेपन सुती."

"मग तू मला का नाही सांगितलंस, सही करू नको म्हणून?" मी ओरडले. तिने भावाला उठवून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

पोलिसात कोणीच गेलं नाही. भावाला टाके पडले, नवऱ्याच्या बरगडीला पट्टा लागला. मोडकी गाडी त्याच दलालाने सुट्या भागांसाठी उचलून नेली. आलेले पैसे इलाजात आणि नवऱ्याच्या दातात गेले. रिकाम्या शेडमध्ये जावेने पुन्हा मिरच्या वाळत घातल्या आणि मी तिला काही म्हटलं नाही. घराचं तेवढं मनातून निघत नव्हतं. दुकानातून परत येताना मी नव्या इमारतींच्या खिडक्या बघत यायचे. कोणी वाळत घातलेले कपडे, कोणाचा स्वयंपाकघरातला दिवा. मला भयंकर हेवा वाटायचा.

मागच्या महिन्यात भाऊ आमच्याकडे आला. आपण होऊन. कपाळावर टाक्यांचा वण, हातात मिठाईचा पुडा आणि काखेत कागदांची पिशवी. गावातलं आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत उठायची होती, ती जागाही वडिलांच्या नावावर, मागची हक्कसोड फक्त प्लॉटची होती, आणि यासाठी माझी सही पुन्हा हवी होती. नवरा घरातच होता. भावाने त्याला "दाजी, झालं ते इसरा" म्हणत मिठी मारली. मग खिडकीकडे बोट केलं.

बाहेर एक गाडी उभी होती. पांढरी, आधीच्या काळीपेक्षा उंच, सात जणांची. नाकावर लाल रिबीन.

"यावेळी मोठी आनलीय," तो म्हणाला. "डॉक्टरानं वापरलेली. निम्म्याच्याबी खाली घेतली."

"मला खोली हवी," मी म्हटलं. "पनवेलला, माझ्या नावावर. आधी खोलीचे कागद आण, मग सही. ती गाडी घेऊन चालता हो."

"बाय, मी गोडीत बोलतोय."

"मी पण."

त्याने कागद ओट्यावर पसरले. मी ते फाडायला हात घातला, तसं त्याने माझं मनगट पिरगळलं. पिशवीतून शाईचा पॅड काढला आणि माझा अंगठा त्याच्यावर दाबला. "आमच्या बापाच्या जागंवर नाग होऊन बसतेस काय?" त्याचा गुडघा माझ्या मांडीत होता आणि माझं कोपर ओट्याच्या कडेवर ठेचत होतं. मुलगी किंचाळत होती. मी सगळी ताकद लावून अंगठा मुठीत आत ओढून घेतला. तो एकेक बोट उलगडू लागला. हाड मोडतंय असं वाटलं तेव्हा मी खाली वाकले आणि त्याच्या हाताचा चावा घेतला. रक्ताची चव लागली तरी सोडलं नाही. तो माझ्या डोक्यात बुक्क्या घालत होता, आणि मी मनात नवऱ्याला हाका मारत होते. तो खोलीत नव्हता.

बाहेर इंजिन सुरू झालं, गर्जलं, बंद झालं. मग तो दारात आला. हातात चावी, तोंडभर हसू, नवा दात चमकत होता.

"आगं, काय पिकप हाय हिला!" तो म्हणाला.

भावाचा हात माझ्या दातांत होता, म्हणून मला काही बोलता आलं नाही.